गुडघाभर पाण्याची खूण

१

चोर दारातून येतो, खिडकीतून येतो, प्रसंगी छप्पर उचकटूनही येतो, हे मला ठाऊक होतं. पण चोराने घरातल्या कशालाही हात न लावता नुसतं दारच उचलून न्यावं, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं.

फोनवर शिलाईकाकू होत्या. खालच्या आळीतल्या शेवटून दुसऱ्या घरात त्या कपडे शिवतात, आणि शिवता शिवता सगळ्या आळीवर नजर ठेवतात.

"अगं, घड्याळजींचं दार गेलं!"

"गेलं म्हणजे? मोडलं?"

"मोडलं असतं तर मोडलं म्हणाले असते! गेलं, चौकटीसकट गेलं! भिंतीला नुसतं भगदाड उरलंय. आणि तुमच्या माणसांशिवाय हे कुणाचं काम नाही, सांगून ठेवते."

'तुमची माणसं' म्हणजे नगरपालिकेची माणसं. नगरपालिकेच्या हवामान कक्षात मी नियोजनाचं काम करते. कक्ष हे नाव भारदस्त आहे, पण पूर्वी तिथे जुन्या सायकली ठेवत असत, आणि अजूनही पावसाळी दिवसांत खोलीला ग्रीसचा वास येतो. नदी पुढच्या काळात कशी वागेल, उन्हाळा किती तापेल, कुठली आळी उचलून उंचावर न्यायची आणि कुठली आहे तिथेच भिंत बांधून राखायची, याचा आराखडा आम्ही तिथे बसून केला. दुसऱ्याच दिवशी त्यावर जाहीर सुनावणी होती.

खालच्या आळीचं शेवटचं टोक हे त्यातलं सगळ्यात अवघड दुखणं होतं. इंजिनिअरसाहेबांचं गणित म्हणत होतं की मोठा पूर आला तर तिथे छातीभर पाणी चढेल. म्हणजे ती घरं वरच्या माळावर हलवायला हवीत. पण आराखड्यात एक नियम होता, आणि तो माझ्याच आग्रहाने घातलेला: जिथे जुन्या पुराची खूण शाबूत आहे तिथे खूण खरी मानायची, जिथे नाही तिथे गणित. लोकांनी पाणी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यांच्या आठवणीला कागदापेक्षा जास्त मान हवा, असं मी बैठकीत टेबल आपटून म्हणाले होते.

आणि आळीच्या त्या टोकाला जुन्या पुराची एकच खूण उरली होती. घड्याळजींच्या चौकटीवर, छिन्नीने पाडलेली, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर. पूर आला तेव्हा सगळ्यांनीच खुणा केल्या होत्या म्हणे. पण नंतर निम्मी आळी सोडून गेली, नवी माणसं आली, लाकडी चौकटी वाळवीने खाल्ल्या आणि त्यांच्या जागी लोखंडी बसल्या. तेवढ्या एका खुणेवर टोकाची घरं तिथेच राहणार होती. शिलाईकाकू तर ती खूण येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या.

उद्या सगळ्यांसमोर ती मोजायची होती. आणि आज ती नव्हती.

२

अशा वेळी पोलिसांकडे जातात. मी मावशीकडे गेले.

माझी मावशी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायची. गोदामात पाणी शिरलं, दुकान भिजलं, की खरं काय भिजलं आणि कुणी मुद्दाम भिजवलं हे ठरवायला तिला पाठवत. ओली खोटी बोलणी ऐकण्यात तिची सगळी नोकरी गेली. आता गुडघे दुखतात म्हणून ती घरी बसते, आणि घरी बसवत नाही म्हणून माझं डोकं खाते.

"ठमे," माझी सगळी हकिगत ऐकून ती म्हणाली, "चोरीत काय गेलं ते सगळे बघतात. काय नीट ठेवलंय ते बघावं. चल, रिक्षा बोलव."

घड्याळजींचं घर रिकामं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते डोळ्यांच्या दवाखान्यात होते, साखर वाढली म्हणून त्यांना एक रात्र जास्त ठेवून घेतलं होतं. सोबतीला त्यांची मुलगी. ती पालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे, सगळे तिला नर्सताई म्हणतात. तिची लहानगी, चिऊ, शिलाईकाकूंकडे होती.

दाराच्या जागी एक चादर टांगलेली होती. खालची कड दुमडून तिला कपड्यांचे चिमटे लावलेले, वाऱ्याने उडू नये म्हणून. मावशीने ती बाजूला केली आणि तिथेच थांबली.

"झाडून घेतलंय," ती म्हणाली.

खरंच. चौकट काढायची तर भिंत फोडावी लागते. इथे गिलावा सुरीने कापल्यासारखा सरळ कापलेला होता, आणि जमिनीवर चुन्याचा कण नव्हता. मांजराच्या बशीत दूध होतं. आत अंधार होता म्हणून मी सवयीने उजवीकडे हात फिरवला, आणि स्विच लगेच हाताला लागला.

"अरे वा," मी म्हणाले. "दार गेल्याचा एक तरी फायदा."

"म्हणजे?"

"या घरात स्विच दाराच्या मागे आहे गं. पाहणीला आले होते तेव्हा आत या, दार लावा, मग त्याच्याआड चाचपडत दिवा लावा, अशी कसरत होती. बाकी घरांत असं नाही. सगळी एकाच ठेकेदाराने एका साच्यात बांधलीयत, पण हे एक दार उलट्या बाजूला उघडतं."

मावशीने 'हं' केलं. तिच्या 'हं'चे बरेच प्रकार आहेत. हा त्यातला मला न आवडणारा, म्हणजे तिला काहीतरी दिसलंय आणि ती सांगणार नाही, तो.

आतल्या खोलीत पलंगावर घड्याळं झोपलेली होती. दाराच्या भिंतीवरची सगळी घड्याळं उतरवून कुणीतरी उशांवर ओळीने निजवली होती, ठोकाठोकीचा हादरा बसू नये म्हणून. त्यांतली बरीचशी चालूही होती. मधलं मोठं लंबकाचं घड्याळ तेवढं बंद होतं. त्याचा लंबक काढून, मऊ फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवला होता.

"कुलूप?" मावशीने विचारलं.

"खिळ्याला अडकवलेलं आहे. किल्लीसकट."

"बाई गं," मावशी पलंगाच्या कडेवर टेकत म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "इतका मायाळू चोर मी उभ्या जन्मात नाही पाहिला."

तेवढ्यात बाहेरून शिलाईकाकूंचा ओरडा ऐकू आला. "मिळाला! चोर मिळाला! इंजिनिअर काल दुपारी इथे आला होता, मी पाहिलंय त्याला!"

३

इंजिनिअरसाहेब त्यांच्या खोलीत दार लावून बसले होते. आळीतली माणसं पालिकेच्या फाटकाशी जमली होती आणि त्यांचा उद्धार चालू होता.

साहेब तसे रुक्ष. त्यांच्या नकाशांत माणसं दिसत नाहीत, फक्त पाण्याच्या वाटा दिसतात, असं मीच त्यांना एकदा तोंडावर म्हटलं होतं.

"गेलो होतो," ते म्हणाले. "लपवायचं काय त्यात? माझ्या गणितात छातीभर पाणी, आणि त्या दारावर गुडघाभर. शेजारच्या घरांची जमीन एकाच पातळीत. पाणी काय एका घरापुरतं वाकून नमस्कार करून पुढे गेलं? म्हणून बघायला गेलो. कुलूप होतं. बाहेरून बघितलं, परत आलो."

"तेव्हा चौकट होती?"

"होती की."

"चौकट नसली की तुमचं गणित चालतं," मावशी म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, मला खरं ठरायची हौस नाही हो. माझं गणित चुकलं असं कुणी दाखवलं तर मी या टेबलावर नाचेन. पण मला झोप लागत नाही. त्या टोकाच्या घरात एक लहान मुलगी आहे, मी बघितलीय. तिची उंची..." त्यांनी टेबलाच्या कडेशी हात धरला आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी चाललंय."

"संन्यासी कुठला, चांगला चहा पितो," मावशी म्हणाली. "दुसरं कोण होतं मागे त्या चौकटीच्या?"

दुसरा होता जुन्या लाकडाचा व्यापारी. जुनी दारं घेऊन, घासूनपुसून, श्रीमंतांच्या बैठकीत टेबलं म्हणून खपवायची हा त्याचा धंदा. मध्यंतरी तो घड्याळजींच्या मागे लागला होता. त्याच्या वखारीत आम्ही गेलो तर तो खदखदून हसला.

"ती चौकट? फुकट दिली तरी नको! सागवान फर्स्ट क्लास, मान्य. पण विचित्र माल. उंबरा बघावा तर जेमतेम घासलेला, आणि डोक्यावरची पट्टी बघावी तर मधोमध चांगली खोलगट झिजलेली. आता मला सांगा ताई, त्या घरात माणसं काय छतावरून चालायची?"

मीही हसले. मावशी मात्र हसली नाही. तिने व्यापाऱ्याकडे असं पाहिलं की जणू त्याने तिला वाढदिवसाची भेट दिली होती.

"ठमे, घड्याळजींना भेटायचंय मला. आत्ताच."

४

घड्याळजी खाटेवर ताठ बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा दाराकडे. त्यांच्या हयातीत त्यांनी कुणाला चुकीची वेळ सांगितली नाही, असं आळीत म्हणतात. लग्नाची वेळ असो की औषधाची, लोक त्यांच्या दुकानावरून जाताना आपलं घड्याळ लावून घेत. घड्याळजींची वेळ म्हणजे वेळ.

नर्सताई त्यांच्या उशाशी उभी होती. आम्हाला पाहून ती औषधं आणायला म्हणून बाहेर गेली.

मावशीने आधी त्यांच्या डोळ्याची चौकशी केली, मग साखरेची, मग जेवणाची. मग सहज विचारावं तसं विचारलं, "घड्याळजी, त्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हो तुमच्याकडे?"

"खूण गुडघ्याला आहे."

"खूण कुठे आहे ते नाही विचारलं मी."

शेजारच्या खाटेवरचा रुग्ण घोरत होता, तेवढाच आवाज. मला एकदम आठवलं की पाहणीच्या वेळीही ते असंच बोलले होते. 'बाई, खूण तिथे आहे, बघून घ्या.' पाणी तिथवर आलं, असं ते एकदाही म्हणाले नव्हते.

"तुम्ही विम्यातल्या, नाही का," घड्याळजी शेवटी म्हणाले. "एक विनंती करू?"

"करा ना."

त्यांनी दाराकडे पाहिलं, मुलगी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "चौकट सापडली ना, तर कुणाला दाखवू नका. मोडून टाका. जाळलीत तरी चालेल."

ज्याचं दार चोरीला गेलं तोच माणूस ते जाळा म्हणत होता.

"मग उद्या खुणेशिवायच सुनावणी होईल," मावशी म्हणाली. "गणित लागू होईल. घर सोडावं लागेल."

"लागू दे." त्यांचा उघडा डोळा भरून आला होता. "पण माझ्या मुलीला यातलं काही कळू देऊ नका."

५

बाहेरच्या बाकावर बसून मावशीने माझा फोन मागितला. "पाहणीचा फोटो काढला होतास ना त्या चौकटीचा? दाखव. मोठा करून."

फोटोत चौकटीची उभी बाजू होती. रंगाचे थर, गुडघ्याशी ती खूण, आणि वर मध्यावर रंगाखाली दबलेल्या बारीक ओरखड्यांची एक रांग. त्यांतला एक जरा ठळक होता.

"हे काय आहे?"

"बेडूक असावा. नाहीतर चिऊने काहीतरी खरडलंय."

मावशीने फोन उलटा धरला. फोनने आज्ञाधारकपणे फोटोही उलटा फिरवला. तिने पुन्हा फोन फिरवला, फोटो पुन्हा फिरला. "हा मेला माझ्याशी खेळतोय का?" म्हणत तिने फोन बाकावर ठेवला, स्वतः उठली आणि बाकाच्या पलीकडून वाकून उलट्या बाजूने पाहू लागली.

"ये इकडे," ती म्हणाली.

मीही वाकले. तो बेडूक नव्हता. दोन डोळे, खाली हसरं तोंड, डोक्यावर केसांच्या दोन काड्या. एका लहान मुलीचा हसरा चेहरा होता तो, आणि त्याच्या माथ्यावर आडवी रेघ. मुलांची उंची मोजून दारावर आई जशी रेघ मारते, तशी.

"चौकट उलटी आहे," मी म्हणाले. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं.

"उलटी बसवलेली आहे. म्हणून झिजलेला उंबरा डोक्यावर गेला. म्हणून दार चुकीच्या बाजूला उघडायला लागलं आणि स्विच त्याच्या मागे अडकला. आणि म्हणून," मावशीने फोनवर बोट ठेवलं, "छातीवरची खूण गुडघ्यावर आली. साहेबांचं गणित बरोबर आहे."

"घड्याळजींनी केलं हे? पण कशासाठी? इतक्या वर्षांपूर्वी कुठला आराखडा होता?"

"आराखडा नव्हता. पण घरात लहान मुलगी होती. तिच्या डोक्यावरून पाणी गेलं असतं असं सांगणारी रेघ रोज दारात. झोपली असती ती त्या घरात?"

मी फोन उचलून तो चेहरा पुन्हा पाहिला.

"पण मग चोरली कुणी?" मी विचारलं. "घड्याळजी तर इथे होते."

"लंबकाचं घड्याळ आडवं करण्याआधी लंबक काढून ठेवायचा, हे तुला सुचलं असतं? मला नसतं सुचलं. हे घड्याळवाल्याच्या घरात वाढलेल्यालाच सुचतं. किल्ली कुणाकडे होती? मांजराला दूध लागतं हे कुणाला ठाऊक? आता एकच राहिलं, एवढं मोठं धूड नेलं कशातून. शिलाईकाकूंना फोन लाव."

शिलाईकाकूंनी पहिल्यांदा इंजिनिअरला चार शिव्या घातल्या. मग मावशीच्या प्रश्नावर म्हणाल्या, "गाडी? छे, काही नाही आलं. इंजिनिअर गेल्यावर ॲम्ब्युलन्स तेवढी आली होती, घड्याळजींचं सामान न्यायला असेल. ठोकाठोकी ऐकून मी मशीन बंद करून खिडकीशी गेले तोवर निघालीसुद्धा. पांढरी चादर घातलेलं काहीतरी होतं आत."

मोतीबिंदूच्या माणसाला ॲम्ब्युलन्स लागत नाही. घड्याळजी तर रिक्षाने गेले होते.

पालिकेचा दवाखाना आमच्या हवामान कक्षाच्या अगदी मागे, एकाच आवारात आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. कोठीच्या खोलीत, सलाईनच्या खोक्यांमागे, स्ट्रेचरवर पांढऱ्या चादरीखाली घड्याळजींची चौकट दारासकट निजली होती. आणि तिच्याशेजारी स्टुलावर नर्सताई बसली होती, जणू रुग्णाची देखभाल करत.

"तुम्ही इकडे याल असं वाटलंच," ती म्हणाली. "बाबांशी बोलताना दारातून ऐकलं मी."

"ड्रायव्हर?"

"आधी सुतारकाम करायचा. त्याला बोलू नका काही, मीच गळ घातली."

मावशी खोक्यावर बसली. "तुला ठाऊक होतं? चौकट उलटी आहे ते?"

नर्सताईने चादर नीट केली. "मला सगळं आठवतं. आई टेबलावर उभी होती आणि मी तिच्या खांद्यावर. पाणी काळं होतं. नंतर मी झोपेनाशी झाले. पाऊस आला की किंचाळायचे. मग एकदा दुपारी मी झोपलेय असं समजून दोघांनी मिळून चौकट फिरवली. मी पडद्याआडून बघत होते. दुसऱ्या दिवशी आईने मला दारात नेलं, म्हणाली, बघ बाळा, पाणी एवढंच तर होतं, तुझ्या गुडघ्याएवढं, तुला स्वप्न पडलं होतं. तिचे हात इतके थरथरत होते, की मी म्हणाले, हो की गं, एवढंच होतं."

तिने स्टूल चौकटीच्या आणखी जवळ ओढलं.

"त्या रात्री मी झोपले. म्हणजे डोळे मिटून पडून राहिले. आई किती दिवसांनी गाढ झोपली. मग मी तसंच चालू ठेवलं. आई गेली, तरी बाबांसाठी चालू ठेवलं. पण आता त्या रेघेवर चिऊचं घर ठरणार होतं, शिलाईकाकूंचं ठरणार होतं. उभं राहून कसं सांगू, की माझ्या बाबांनी खोटं बोलून ठेवलंय? ज्यांच्या घड्याळावर सगळी आळी चालते त्यांनी? त्यांना वाटतं मला माहीत नाही. तेवढं एक समाधान आहे त्यांच्याकडे. तुम्ही त्यांना सांगू नका."

बाप म्हणत होता मुलीला सांगू नका, मुलगी म्हणत होती बापाला सांगू नका. मी मावशीकडे पाहिलं. गोदामंच्या गोदामं पचवलेली माझी मावशी पदराने डोळे टिपत होती.

"मी कुणालाच काही सांगणार नाही," ती म्हणाली. "पण एक कर. उद्या तुझ्या बाबांना सुनावणीला घेऊन ये. आणि ठमे, त्या इंजिनिअरला म्हणावं, चौकट सापडली."

६

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. चौकट व्यासपीठाशेजारी टेकवून उभी केली होती, घरात होती तशीच. शिलाईकाकूंनी तिच्याकडे पाहून विजयाने हात जोडले. अध्यक्षबाईंनी मला मोजपट्टी घेऊन यायला सांगितलं.

मी उठले, आणि चौकटीपाशी येऊन थांबले. मी घातलेला नियम माझ्यासमोर उभा होता. पट्टी लावायची, गुडघाभर म्हणायचं, आणि ही घरं पाण्याच्या वाटेत ठेवायची. नाहीतर एका म्हाताऱ्याचं गुपित भरसभेत उघडं करायचं. मी मावशीकडे पाहिलं. ती शांतपणे छताकडे बघत बसली होती, जणू तिचा काही संबंधच नाही.

"थांबा बाई," मागून आवाज आला.

घड्याळजी उभे राहिले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, एक हात खुर्चीवर. मुलगी त्यांना बसवायला गेली तर त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

"ती खूण मोजू नका. खोटी आहे." "पाणी छातीपर्यंत होतं. माझी बायको टेबलावर उभी होती, तरी तिच्या गुडघ्यांच्या वर लागत होतं. चौकट मी उलटी केली. पोर घाबरायची, म्हणून. पण आता तिथे तुम्ही सगळे आहात, माझी नात आहे. मी आजवर कुणाला चुकीची वेळ सांगितली नाही, पण ही एक सांगितली." ते मुलीकडे वळले. "तुला फसवलं गं बाळा. माफ कर."

नर्सताईने त्यांचा हात धरला.

"मला ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

घड्याळजी तिच्याकडे एका डोळ्याने पाहत राहिले. मग हळूहळू खुर्चीत बसले, आणि तिच्या हातावर कपाळ टेकवून लहान मुलासारखे रडले. इंजिनिअरसाहेब खिडकीबाहेर बघत चष्मा पुसत होते आणि तो काही पुसून होत नव्हता.

सगळ्यात आधी बोलल्या त्या शिलाईकाकूच. "म्हणजे माझ्या मशीनवरून पाणी जाईल?"

"जाईल, काकू," मी म्हणाले.

त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "जाऊ आम्ही वर. पण सगळे एकत्र. आत्ता आहोत त्याच क्रमाने. माझ्या भिंतीला घड्याळजींची टिकटिक ऐकू आली पाहिजे, नाहीतर मला झोप येत नाही."

तो ठराव मी स्वतः लिहिला. आळी तुटणार नाही, शेजार बदलणार नाही. आणि माझा नियमही बदलला. खूण आणि गणित जुळलं नाही, तर आधी त्या घरात जाऊन बसायचं, चहा प्यायचा, आणि माणसांना विचारायचं. साहेबांनी त्यावर सही केली आणि चहाच्या खर्चाची तरतूद कुठून करायची ते विचारलं. हा त्यांचा विनोद होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

माळावरचं घर उभं राहिलं तेव्हा घड्याळजींनी चौकट तीच हवी म्हणून हट्ट धरला, आणि सुलटी. ड्रायव्हरने सुट्टी घेऊन ती बसवली. झिजलेला उंबरा पायाखाली आला, हसरा चेहरा सरळ झाला, खूण छातीवर गेली. दार उघडून आत शिरताना घड्याळजींनी सवयीने दाराआड हात घातला. तिथे नुसती भिंत होती. नर्सताईने त्यांचा हात धरून दुसऱ्या बाजूच्या स्विचवर नेला.

चिऊ त्या खुणेखाली उभी होती. खूण तिच्या डोक्याच्या बरीच वर होती. तिने मान वर करून विचारलं, "आजोबा, पाणी इथपर्यंत आलं होतं?"

घड्याळजींनी मुलीकडे पाहिलं. मुलीने होकाराची मान हलवली.

"हो," ते म्हणाले. "इथपर्यंत आलं होतं."

"मग मी बुडले असते!"

"म्हणूनच आपण वर राहायला आलो."

चिऊने खुणेवर हात पोचतो का पाहिलं. उडी मारली तरी पोचला नाही. "बरं," ती म्हणाली, आणि शिलाईकाकूंकडे खेळायला पळाली.